ऐकीव आणि पाहिलेलें

दरवर्षीं नववीच्या वर्गांत संगणकाचा धडा निघाला, म्हणजे कोणी ना कोणी विद्यार्थी एक प्रश्न विचारतोच. शिरुरांत बसून आपण दौंडच्या मावशीला एक छायाचित्र पाठवितों; डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच तें तिच्या हातांतल्या यंत्रावर उमटतें. मध्यें कितीतरी तारा आहेत, कितीतरी फाटे आहेत. कोणत्या फाट्यावर कोणीकडे वळावें, हें त्या छायाचित्राला कोण सांगतें?

बहुतेकांची समजूत अशी, कीं मुंबईस किंवा दिल्लीस एखादी मोठी कचेरी असेल, तेथें भिंतीवर साऱ्या जगाचा नकाशा टांगला असेल, आणि एखादा अधिकारी हुकूम सोडीत बसला असेल. असा अधिकारी कोठेंहि नाहीं. छायाचित्राचे लहान लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घातला जातो, आणि फाट्याफाट्यावर बसलेलें राऊटर नांवाचें यंत्र तो पत्ता वाचून तुकड्याला पुढल्या एकाच टप्प्यापुरतें वाटेस लावून देतें. त्यापुढचें पुढचा पाहील!

परंतु ज्या यंत्राला आपल्या दारांतून निघणाऱ्या दोनचार तारांपलीकडे कांहीं दिसत नाहीं, त्याला दूरच्या ठिकाणाची वाट कशी कळते? या प्रश्नाचीं उत्तरें दोन निघालीं. पहिलें सोडून शोधकांनीं दुसरें कां धरलें, ही हकीकत मी विद्यार्थ्यांस मुद्दाम सांगतों. कारण ती केवळ यंत्रांपुरती नाहीं.

पहिलें उत्तर आपल्या नित्याच्या परिचयाचें आहे: शेजाऱ्याला विचारावें. १९६९ सालीं अमेरिकेंत अर्पानेट नांवाचें संगणकांचें जाळें चार ठिकाणें जोडून सुरू झालें, त्यांत प्रारंभीं हीच रीत होती. प्रत्येक यंत्र आपल्या शेजाऱ्यांना सांगे, 'माझ्यापासून अमक्या ठिकाणीं जाण्यास इतका वेळ, तमक्या ठिकाणीं इतका.' शेजारी त्यांत आपल्यापासून त्याच्यापर्यंतचा टप्पा मिळवी, आणि आलेली बेरीज आपल्या शेजाऱ्यांस सांगे. सर्व कांहीं सुरळीत असतां ही रीत चांगली चालते. एखादी वाट मोडली, म्हणजे मात्र तिचें व्यंग उघडें पडतें.

समजा, शिरूर, न्हावरें आणि चौफुला हीं तीन ठिकाणें एकाच रस्त्यावर ओळीनें आहेत आणि दुसरा रस्ताच नाहीं. न्हावऱ्याला ठाऊक, कीं शिरूर एक टप्पा. न्हावऱ्यानें तें चौफुल्याला सांगितलें, म्हणून चौफुल्याच्या वहींत शिरूर दोन टप्पे. एके दिवशीं शिरूर व न्हावरें यांमधला रस्ता बंद पडला. न्हावरें चौफुल्याला विचारतें, 'तुला शिरुराची वाट ठाऊक आहे काय?' चौफुला वही पाहून म्हणतो, 'आहे ना, दोन टप्पे!' न्हावरें हिशेब करतें, दोन आणि एक मिळून तीन. तें ऐकून चौफुला आपल्या वहींत चार लिहितो. मग न्हावरें पांच लिहितें, चौफुला सहा. आंकडा वाढत राहतो, आणि बिचारा प्रवासी त्या दोन ठिकाणांमध्यें येरझारा घालीत राहतो. येथें खोटें कोणीच बोललें नाहीं. चौफुल्याला जें ठाऊक होतें, तें मूळचें न्हावऱ्याचेंच सांगणें होतें. स्वतःचेंच जुनें बोलणें दुसऱ्याच्या तोंडून ऐकून न्हावऱ्यानें तें नवें वर्तमान मानिलें, एवढाच काय तो घोटाळा.

अर्पानेट वाढत गेलें तसा हा दोष जाचूं लागला, आणि १९७९ सालीं त्याची रीत पार बदलण्यांत आली. या नव्या रीतीला 'लिंक-स्टेट' म्हणजे दुव्यांची स्थिति सांगणारी रीत असें म्हणतात. तिचें मर्म थोडक्यांत असें आहे: पूर्वीं प्रत्येकजण साऱ्या जगाची हकीकत शेजाऱ्याला सांगे, आतां प्रत्येकानें आपल्या शेजाराची हकीकत साऱ्या जगाला सांगावयाची. दौंडच्या स्टेशनचें उदाहरण घ्या. त्या जंक्शनाहून पुणें, सोलापूर, मनमाड आणि बारामती या बाजूंस रूळ जातात. दौंडनें आपल्या चिठींत एवढेंच लिहावें. मनमाडच्या पुढें नाशिक आहे कीं भुसावळ, हें लिहिण्याचा दौंडला अधिकार नाहीं. तें मनमाडनें आपल्या चिठींत लिहावें. सर्वांच्या चिठ्या सर्वांना पोंचल्या, म्हणजे ज्यानें त्यानें त्या जुळवून आपला नकाशा आपणच काढावा आणि वाटहि आपणच शोधावी.

हें तोंडी सांगून वर्गाला उमजेना, तेव्हां मीं सात मुलें पटांगणांत उभीं केलीं. एकेकाला एकेक नांव दिलें: शिरूर, शिक्रापूर, न्हावरें, काष्टी, चौफुला, पाटस आणि दौंड. मधलीं लहान गांवें सोडून दिलीं, आणि प्रत्येक रस्त्याला मनानेंच एक आंकडा दिला. हे आंकडे मैल नव्हेत, हिशेबापुरते आहेत. शिरूर–न्हावरें ४, शिरूर–शिक्रापूर ५, शिक्रापूर–न्हावरें ४, न्हावरें–काष्टी ४, न्हावरें–चौफुला ५, काष्टी–दौंड ३, चौफुला–पाटस ३, पाटस–दौंड २. प्रत्येकानें आपल्या चिठीवर आपलें नांव, आपले शेजारी, त्यांचे आंकडे आणि चिठीचा अनुक्रमांक लिहिला. मग नियम सांगितला: चिठी प्रथमच पाहिली असेल, तर तिची नक्कल ठेवून, जिच्याकडून आली ती बाजू सोडून, बाकीच्या सर्व शेजाऱ्यांना द्यावी, पूर्वीं पाहिलेली असेल, तर टाकून द्यावी.

"सर, सर्वांनीं सर्वांना सांगावयाचें म्हटलें, तर हें संपणार कधीं?" असें एका मुलानें विचारलें. मीं म्हटलें, "करून पाहा." पांचसात मिनिटें बाजारासारखा गलबला झाला आणि मग एकाएकीं सर्व शांत झालें; कारण एक चिठी कोणींहि दुसऱ्यांदा पुढें पाठवीत नव्हतें. प्रत्येकाच्या हातांत सात चिठ्या जमल्या होत्या, आणि सातांचे नकाशे एकसारखे होते.

आतां वाट शोधावयाची. ही युक्ति एड्स्गर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञानें १९५६ सालीं अॅम्स्टरडॅम येथें काढली. एका उपाहारगृहाबाहेर बसलेले असतां, कागदपेन्सिलीवांचून, वीस मिनिटांत ती सुचली, असें त्यांनीं पुढें स्वतः सांगितलें. १९५९ सालीं ती छापून प्रसिद्ध झाली. युक्ति अशी, कीं आपल्यापासून जें ठिकाण सर्वांत जवळ, तें आधीं कायम करावें. मग त्याच्या शेजाऱ्यांचे आंकडे मोजावे आणि उरलेल्यांत जें जवळ तें कायम करावें. शिरूर झालेल्या मुलीनें हिशेब मांडला: न्हावरें ४, शिक्रापूर ५, न्हावऱ्यावरून काष्टी ८ आणि चौफुला ९, काष्टीवरून दौंड ११, चौफुल्यावरून पाटस १२. म्हणजे दौंडला पाठवावयाची वस्तु न्हावऱ्याच्या हातीं द्यावी. न्हावऱ्याच्या मुलानें आपल्या नकाशावर निराळा हिशेब केला, त्याला उत्तर आलें, काष्टीकडे द्यावी. कोणीं कोणाला हुकूम केला नव्हता. पण नकाशे एक असल्यामुळें दोघांचे निर्णय एकमेकांशीं जुळले आणि वस्तु वाटेंत घुटमळली नाहीं.

नंतर मीं काष्टी आणि दौंड यांमधला रस्ता बंद केला. त्या दोघांनीं ताबडतोब अनुक्रमांक २ च्या नव्या चिठ्या लिहिल्या, त्या सर्वांकडे फिरल्या, आणि सर्वांनीं हिशेब पुन्हां केला. आतां शिरुराहून दौंड चौफुला व पाटस यांवरून १४. शिरुराला कांहींच बदलावें लागलें नाहीं, त्यानें पूर्वींप्रमाणें न्हावऱ्याकडे द्यावयाचें. वळावें लागलें तें न्हावऱ्याला. इतक्यांत चौफुला झालेल्या मुलाच्या खिशांत काष्टीची पहिली चिठी अडकून राहिलेली निघाली, आणि ती त्यानें मोठ्या उत्साहानें पुढें धाडली. ती हिंडत शिरुराकडे आली. मुलीनें अनुक्रमांक पाहिला, "माझ्यापाशीं दुसरी आहे," असें म्हणून ती टाकून दिली. चिठींत जें लिहिलें होतें तें लिहितेवेळीं खरेंच होतें. पण त्याची वेळ निघून गेली होती. साक्ष खरी असून भागत नाहीं, ती केव्हांची आहे हेंहि कळावें लागतें.

हा अनुक्रमांक दिसावयास क्षुल्लक; परंतु त्याच्याच पायीं २७ ऑक्टोबर १९८० रोजीं सारें अर्पानेट कांहीं तास बंद पडलें होतें. त्या जाळ्यांत अनुक्रमांक ० पासून ६३ पर्यंत होते, आणि ६३ नंतर पुन्हां ० येई. घड्याळांत बारानंतर एक वाजतो, तसेंच हें. आतां घड्याळाच्या तबकडीवर पाहा: चारानंतर आठ येतात, आठानंतर बारा येतात, आणि बारानंतर पुन्हां चार येतात. मग या तिघांत सर्वांत अलीकडचा कोणता? उत्तर नाहीं! त्या दिवशीं स्मरणांतल्या बिघाडामुळें एकाच यंत्राच्या नांवाच्या तीन चिठ्या जाळ्यांत सुटल्या. त्यांचे अनुक्रमांक ८, ४० आणि ४४. नियमाप्रमाणें ८ पेक्षां ४० नवी, ४० पेक्षां ४४ नवी, आणि चक्र फिरून ४४ पेक्षां ८ नवी. प्रत्येक यंत्र प्रत्येक चिठी नवी समजून घेई आणि पुढें पाठवी, कीं मागोमाग दुसरी येई. सर्व यंत्रें त्या तीन चिठ्यांतच गुंतून गेलीं. एखादें यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें, तरी शेजारी त्याच चिठ्या पुन्हां त्याच्या हातीं देत. एरिक रोझेन यांनीं १९८१ सालीं या प्रसंगाची सविस्तर हकीकत प्रसिद्ध केली, आणि त्या लेखापासून पुढच्या लोकांनीं धडा घेतला.

रेडिया पर्लमन या विदुषीनें १९८३ सालीं असल्या घोटाळ्यांतून जाळें आपोआप कसें सांवरेल, याचा विचार मांडला. पुढें जॉन मॉय यांच्या परिश्रमानें ओ. एस. पी. एफ. ही रीत तयार झाली. तिचा पहिला मसुदा १९८९ सालीं प्रसिद्ध झाला आणि आज चालू असलेल्या दुसऱ्या आवृत्तीचें प्रमाण लिखाण १९९८ सालचें आहे. तींत अनुक्रमांक चक्राकार नाहींत, सरळ वाढत जातात, आणि त्यांना चारशें कोटींहून अधिक आंकड्यांची जागा ठेविली आहे. शिवाय प्रत्येक चिठीला वय असतें. लिहिणारानें दर तीस मिनिटांनीं ती पुन्हां ताजी करावयाची. साठ मिनिटें झालीं आणि कोणी ताजी केली नाहीं, तर ती बाद. शेजारी जिवंत आहे कीं नाहीं, याचीहि चौकशी अखंड चालते. साधारणतः दर दहा सेकंदांनीं एकमेकांस 'मी आहें' अशी हांक द्यावयाची. चाळीस सेकंद हांक आली नाहीं, म्हणजे दुवा तुटला असें समजून नवी चिठी लिहावयाची.

आपल्या देशांत हें शास्त्र विद्यासंस्थांच्या वाटेनें आलें. १९८६ सालीं एर्नेट नांवाचें जाळें उभारण्याचें काम निघालें, त्यांत पवईची आय. आय. टी. आणि जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था या मुंबईच्या दोन संस्था आरंभापासून होत्या. सामान्य नागरिकांना इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाकडून. मी तेव्हां शाळेंत शिकत होतों, आणि वर्तमानपत्रांतली ती बातमी वाचून आम्हांला त्यांतलें अक्षरहि उमगलें नव्हतें!

या रीतीला मर्यादाहि आहेत, त्या सांगितल्यावांचून चित्र पुरें होणार नाहीं. जाळें फार मोठें झालें, तर सर्वांच्या चिठ्या सर्वांनीं बाळगणें जड होतें. म्हणून त्याचे विभाग पाडतात, आणि वेशीवरचें यंत्र आपल्या विभागाचा केवळ गोषवारा पलीकडे सांगतें. दुसरी मर्यादा याहून खोल आहे. ही रीत एका घरांतली आहे. एका संस्थेचीं यंत्रें एकमेकांवर विश्वास ठेवतात, म्हणूनच आपले दुवे उघडे करून सांगतात. दोन परक्या संस्थांमध्यें बी. जी. पी. नांवाची निराळी रीत चालते. तेथें आपला नकाशा कोणी दुसऱ्याला दाखवीत नाहीं; पण जी वाट सांगावयाची, तिच्यावरील सर्व संस्थांचीं नांवें क्रमानें सांगावीं लागतात. त्यामुळें आलेल्या यादींत आपलेंच नांव दिसलें, कीं ही बातमी फिरून आपल्याकडेच आली, हें ओळखून ती नाकारतां येतें. न्हावऱ्याच्या घोटाळ्यावर परक्यांनीं शोधलेला हा उपाय होय. बातमी ऐकीव असो, पण ती कोणाकोणाच्या तोंडून आली, तें तरी सांगा!

आतां ही हकीकत यंत्रांपुरती नाहीं असें मीं वर म्हटलें, त्याचें कारण सांगतों. एका पावसाळ्यांत घोड नदीला पाणी चढलें होतें आणि ओढे भरून वाहत होते. आपल्या शाळेंत नदीपलीकडचीं, अहिल्यानगर जिल्ह्याच्या हद्दींतलीं मुलें येतात, तशींच न्हावऱ्याच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवरचींहि येतात. दुपारीं दोनचा सुमार. मुलांना घरीं सोडावें कीं ठेवून घ्यावें, हें ठरवावयाचें होतें. फोनवर निरोपांचा पाऊस पडत होता. एक म्हणे, ओढ्याच्या फरशीवरून पाणी जातें आहे. दुसरा म्हणे, रस्ता चालू आहे, खुशाल सोडा. 'चालू आहे' म्हणणारे अधिक होते. मी एकेकाला फोन करून विचारीत गेलों, 'आपण स्वतः पाहिलें काय?' एका पालकांना त्यांच्या मेहुण्यांनीं सांगितलें होतें, मेहुण्यांना शेजाऱ्यानें, आणि शेजाऱ्याला कोठून कळलें? तर आमच्याच शाळेच्या सकाळच्या निरोपावरून! सकाळीं सातला 'रस्ते चालू आहेत, शाळा भरेल' असा निरोप गेला होता, आणि सातला तो अगदीं खरा होता. आमचेंच सकाळचें बोलणें दुपारीं चार तोंडांनीं आमच्यापुढें साक्षीदार होऊन उभें राहिलें होतें.

इतक्यांत एका दूधवाल्याचा फोन लागला. तो म्हणाला, "मास्तर, मी फरशीपाशींच उभा आहें. पाणी गुडघ्याच्या वर आहे आणि वाढतंय." एक साक्ष, परंतु ती पाहणाराची होती, तिच्यांत जागा होती आणि वेळ होती. मुलांना ठेवून घेतलें. त्या रात्रीं अकरा मुलें वसतिगृहांत निजलीं, आणि त्यांच्या आयांना मीं एकेकीला फोन करून सांगितलें, कीं मुलगा माझ्या डोळ्यांपुढें जेवतो आहे.

तेव्हांपासून पावसाळ्यांत शाळेच्या दाराशीं एक फळा टांगलेला असतो. त्यावर चार रकाने आहेत: नांव, ठिकाण, काय पाहिलें, किती वाजतां. येणाऱ्या प्रत्येक मुलानें आपल्या वाटेंत जें स्वतः पाहिलें तेवढेंच लिहावयाचें. दुसऱ्याच्या वाटेविषयीं एक अक्षरहि नाहीं. त्याच जागेची नवी ओळ आली, कीं जुनी पुसावयाची. दुपारच्या सुट्टींत तीन तासांपूर्वींचें सर्व पुसून टाकावयाचें, मग तें खरें असो वा नसो, आणि ज्या गांवांतून नवी खबर नसेल तेथें फोन करावयाचा. फळा वाचून कोणत्या वाटेनें मुलें सोडावयाचीं, तें ज्या त्या वर्गाचे शिक्षक स्वतः ठरवितात. आणि सर्वांपुढें फळा एकच असल्यामुळें त्यांच्यांत सहसा मतभेद होत नाहीं.

या फळ्यावर मुलांना सर्वांत अवघड जातें तें ऐकलेलें न लिहिणें. मोठ्यांनाहि तें अवघडच जातें. गेल्या श्रावणांत पांचवींतल्या एका मुलीनें आपल्या नांवापुढें लिहिलें होतें: 'ओढा. मी पाहिला नाहीं. मी दादाच्या मागें गाडीवर डोळे मिटून बसलें होतें.' मुलें हंसूं लागलीं. मीं ती ओळ पुसूं दिली नाहीं. ती वाचून आम्हांला नेमकें कळलें, कीं त्या वाटेची खबर अजून कोणापाशींहि नाहीं. आणि ती आणावयास शिपाईदादांना ताबडतोब धाडलें.